दाराखालचा वारा

बारमाही शाळेच्या सभेत सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती मालनने. पुढे वस्तीने तिला हे फार ऐकवलं आणि तिनेही स्वतःला ऐकवायचं बाकी ठेवलं नाही. पण त्या दिवशी तिला खरंच आनंद झाला होता.

शाळा मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावर. रिक्षा जिथे हात टेकते आणि पायऱ्या सुरू होतात, तिथून थोडी वर. खाली सिमेंटचे वर्ग, वरच्या मजल्यावर पत्र्याचे, मध्ये फरशीचं अंगण आणि गल्लीच्या बाजूला माणसाच्या डोक्याहून उंच लोखंडी दार. अंगणाच्या कोपऱ्यात एक शेड होती. तिथे बचत गटाच्या बाया पोरांची खिचडी शिजवत. मालन त्यांतली एक. दुसरी सुगंधा, जालन्याकडून आलेली, मालनहून वयाने दहा वर्षं मोठी आणि जिभेने वीस. शाळेत सरकारी तांदूळ यायचा, या दोघी तो सुपात घेऊन खडे काढायच्या, भट्टीवर टोप चढवायच्या आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत खिचडी उतरवायच्या.

सभेला शाळेच्या संस्थेचे अनिरुद्ध सर वांद्र्याहून आले होते. पांढरा झब्बा, पायात कोल्हापुरी. माणूस गोड बोलायचा, इतका की ऐकताना आपलं काही जातंय हे कळायचं नाही.

"उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि मुलं वर्षभराचं विसरून येतात," ते म्हणाले. "आपली शाळा आता बारमाही. थोडे आठवडे शिकायचं, थोडे दिवस सुट्टी, परत शिकायचं. मेमध्येही शाळा चालू. कुणाचं मूल रस्त्यावर नाही, कुणाचं मूल मागे नाही."

मालनने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

तिला आनंद का झाला, ते तिच्या घराच्या दाराला विचारावं. मे महिन्यात शाळेबरोबर खिचडीचं कामही बंद व्हायचं. लग्नसराई असायची, म्हणून मालन घाटकोपरला एका केटररकडे पोळ्या लाटायला जायची. नवरा निलेश टेम्पोवर, आज वापीला तर उद्या नाशिकला. सासरा दशरथ गिरणी गेल्यापासून वॉचमन, या वयातही एका सोसायटीत दिवसपाळी करणारा. केटरर पोरं आणू द्यायचा नाही. "गरम तेल आहे बाई, भाजलं तर कोण बघणार?" म्हणायचा, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. शेजारच्या बायाही कामाला. गल्लीत दिवसभर उरायचे ते पत्ते कुटणारे बाप्ये. त्यांच्या भरवशावर पोरगी मोकळी सोडायची मालनची छाती नव्हती. म्हणून गेल्या वर्षी ती बाहेरून कुलूप लावून जायची. आत प्रांजल, एक पाण्याची बाटली, डब्यात भात आणि डोक्यावर पंखा.

"तुझ्याच भल्यासाठी लावते गं," ती रोज दाराबाहेरून सांगायची.

एका दुपारी गल्लीची वीज गेली. मालन परत आली, कुलूप काढलं, दार लोटलं, तर ते कशाला तरी अडलं. प्रांजल दाराशी पालथी पडली होती. गाल फरशीवर, नाक दाराखालच्या फटीला लावलेलं. हाक ऐकून पोरगी उठली आणि डोळे चोळत म्हणाली, "आई, इथून वारा येतो."

अंगावरचा फ्रॉक घामाने पिळून निघाला होता. गालावर उंबऱ्याच्या पट्टीचा लाल वळ उठला होता, तो अंधार पडेपर्यंत गेला नाही. मालनने ते कुलूप खिळ्याला टांगलं आणि परत लावणार नाही अशी देवीची शपथ घेतली. उरलेला मे तिने कसा काढला ते तिलाच माहीत. पोळ्या सोडल्या, आणि पोळ्यांबरोबर स्वतःचं एक वेळचं जेवणही सोडलं.

आता शाळाच चालू राहणार म्हटल्यावर पोरगी वर्गात, आपण शेडमध्ये, कुलूप खिळ्यावर. आणखी काय पाहिजे माणसाला?

दशरथला मात्र हे पटलं नाही. संध्याकाळी तो गणवेशाची टोपी काढून पायरीवर बसला आणि सुरू झाला.

"शाळा म्हंजे काय मिल आसा? मशीन थांबला तर मालकाचा नुकसान?"

"बाबा, पोरगी शिकेल ना."

"आमच्या सोसायटीतली पोरां बघ. शाळा बंद. खाली उतरतत, सायकली फिरवतत, पोहूक जातत. तीं नाय ती विसरत? विसारणां काय ता फक्त आमच्याच पोरांच्या डोक्यात?"

"त्यांच्याकडे सांभाळायला बाया आहेत."

"ताच सांगतंय. सुट्टी तेंका, आणि आमकां पाळी."

"मग तुम्ही राहता का मेमध्ये घरी? सांभाळता पोरीला?"

दशरथ टोपीच्या आतली घामाची पट्टी बोटाने पुसत राहिला. मालनला लगेच वाईट वाटलं. या वयात हौसेने कोणी दुसऱ्याच्या दाराशी उभं राहत नाही. तिने त्याला चहा जास्त दिला, पण म्हणणं मागे घेतलं नाही. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर मोठी पंचाईत होती.

मे लागला. पहिले दिवस खरोखर चांगले गेले, हे कबूल करायला हवं. शाळा सकाळी लवकर भरायची. डोंगरावर ऊन यायच्या आत पोरं दोन धडे वाचून मोकळी व्हायची. गेल्या जूनमध्ये अक्षरांपुढे मुकाट बसणारी प्रांजल आता दुकानांच्या पाट्या वाचत पायऱ्या चढायची. मालनने केटररला निरोप दिला होता की यंदा येणार नाही, दुसरी बघ. केटररने दुसरी बघितलीही.

मग गोण्या संपल्या. सुगंधाने शेवटची गोणी झटकली, तळाचा चुरा सुपात पाखडला आणि दोघी ऑफिसात गेल्या.

दर्शना मॅडम शाळा चालवायच्या. कंत्राटावर होत्या, ऑफिसातला एसी मात्र संस्थेच्या पाहुण्यांसाठी होता. मॅडम एकट्या असल्या की पंखाच लावायच्या.

"तांदूळ नाही येणार," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवसांचा मंजूर नाही होत."

"पण सुट्टी कुठाय? शाळा तर चालू आहे ना?" मालन म्हणाली.

"संस्थेसाठी चालू आहे, मालनताई. तांदळासाठी सुट्टी आहे."

मॅडम हे हसत म्हणाल्या नाहीत. कागदावरचं वाचून दाखवावं तसं म्हणाल्या.

"मग संस्था देईल ना?"

"सरांना विचारलं मी. ते म्हणाले, मुलांनी डबा आणावा."

"डबा असता तर खिचडीला लाइन लावली असती का लेकरांनी?" सुगंधा म्हणाली. "तुमचे सर येडे हायेत का आमाला येडं समजत्येत?"

"मला काय बोलून उपयोग, सुगंधाबाई? माझा मुलगा शेजारच्यांकडे ठेवून येते मी. मलापण सुट्टी नाही." मॅडमनी मान खाली घातली आणि हजेरी काढून बसल्या.

शाळा चालू राहिली, बिनखिचडीची. मालन आणि सुगंधा तरीही येऊन शेडमध्ये बसायच्या; जायचं कुठे? वरचा पत्रा दहापासून तापायला लागायचा, तापला की टकटक वाजायचा. वरच्या वर्गातली पोरं रुमाल ओले करून डोक्यावर ठेवायची. रुमाल वाळायचे, तोवर पिंपातलं पाणी संपायचं. आणि धडा काय चाललेला, तर पोटाचे भाग. जठर कुठे, आतडं कुठे. रिकाम्या पोटी आणखी काय शिकवणार? आपापलं पोट तेवढं सगळ्यांना नीट ठाऊक होतं.

एक दिवस घरी जाताना प्रांजल म्हणाली, "आई, मीरा खोटं खोटं जेवते."

मीरा सुगंधाची नात. प्रांजलच्याच बाकावर बसायची.

"म्हणजे काय गं?"

"डबा आणते. झाकण असं आडवं धरते आणि तोंड हलवते. आत काहीच नसतं. मी बघितलं. मी तिला अर्धी पोळी दिली, तर म्हणाली, माझं पोट भरलंय."

मालन पायरीवर थांबली. खिचडी बंद म्हणजे सुगंधाचंही काम बंद, हे तिला कळत होतं. पण ते नातीच्या डब्यापर्यंत पोचलं असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. संध्याकाळी तिने सुगंधाला सांगितलं. सुगंधाची जीभ वस्तीला परिचित होती. त्या दिवशी तिने फक्त पदराने तोंड पुसलं. मग रिकामं सूप मांडीवर घेऊन बसली.

पोरं गळायला लागली. एक गावाला गेलं, एक मामाकडे, एक नुसतंच येईनासं झालं. अनिरुद्ध सरांचा फोन आला आणि दर्शना मॅडमनी तो मालनला सांगितला. पालकांचा प्रतिसाद नसेल तर मेची शाळा बंद करावी लागेल. कुणावर जबरदस्ती नाही.

जबरदस्ती नाही! मालनच्या अंगाची लाही झाली. पोरांना उपाशी ठेवायचं आणि वर म्हणायचं प्रतिसाद नाही. घरी आली तर खिळ्यावरचं कुलूप आधी दिसलं. शाळा बंद म्हणजे परत केटरर, परत ते दार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुगंधाला म्हणाली, "भंडारा घालू."

"कशाचा?"

"देवीचा म्हण, बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा म्हण, तुला पाहिजे ते म्हण. रोज घालू. शाळेत."

वस्तीची एक रीत होती. भंडारा असला की घरोघर पैसे मागायचे नाहीत, मूठ मागायची. तांदळाची मूठ, डाळीची मूठ, ज्याच्याकडे जे असेल ते. आणि भंडाऱ्याला मूठ नाही म्हणणारं घर अजून डोंगरावर जन्माला यायचं होतं. शाळेच्या पोरांना तांदूळ द्या म्हटलं असतं तर लोकांनी नगरसेवकाकडे बोट दाखवलं असतं. पण दोन बाया सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या, "भंडाऱ्याची मूठ" म्हणाल्या, आणि लोक डब्याकडे वळले. मंदिरवाल्यांनी दिली, विहारातल्यांनी दिली. पत्ते कुटणाऱ्यांतल्या कुंडलिकने तर गॅसची टाकी खांद्यावर घालून आणून दिली. ज्यांच्या भीतीने मालन दाराला कुलूप लावायची, त्यांतलाच हा एक. मालनला मनातून जराशी लाज वाटली.

सूप घेऊन ती स्वतःच्या घरात शिरली, तेव्हा दशरथ ड्यूटीला निघत होता. तो आत गेला आणि कापडी पिशवी घेऊन आला.

"हे घे. गावचे उकडे तांदूळ."

"बाबा, हे तुमच्या पेजेचे."

"तुका काय वाटला, म्हातारो नुसतो बोंबलता?" त्याने पिशवी सुपात उपडी केली. "शाळा माका आजय पटत नाय. पण पोरांनी उपाशी ऱ्हवाचा, ह्या खयचा शिक्षण?"

भट्टी पेटली. मेचं ऊन, वर पत्रा, खाली जाळ. मालनच्या पाठीवर घामोळं उठलं, ते ब्लाउज घासून सोलवटलं. टोप उतरवताना सुगंधाच्या मनगटावर वाफ आली. तिने हळद लावली आणि डाव हातातून सोडला नाही. खिचडीत कधी कोलम, कधी उकडे, कधी तूर, कधी मसूर. रोज चव वेगळी. पोरं परत आली. गावाला गेलेलं तेवढं नाही आलं, बाकी सगळी आली. मीराने डब्याचं झाकण आडवं धरायचं सोडलं.

आणि इथेच मालनची चूक झाली. भंडारा एकदा घातला की हिशोब विचारायचा नसतो, ही वस्तीची रीत. संस्थेला ही रीत फार आवडली. मॅडमनी तांदळासाठी दोनदा फोन केला होता, तिसऱ्यांदा सर म्हणाले, "आता तर सगळं छान चाललंय ना?"

पुढच्या आठवड्यात सर पाहुणे घेऊन आले. आदल्या दिवशी शेडवर मोठा बॅनर लागला. बारमाही शाळा, बारमाही आहार. खाली संस्थेचं नाव, सरांचा फोटो. मालन आणि सुगंधाला दोन एप्रन दिले. नवे, घडी न मोडलेले, छातीवर संस्थेचं चिन्ह.

"घाला ताई, फोटो चांगला येईल," सर म्हणाले.

सरांनी मालनच्या हातातला डाव घेतला. एका पोराच्या ताटात अर्धा डाव वाढला, कॅमेऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्याच्या ताटात. तिसऱ्या पोराने ताट पुढे केलं, तोवर फोटो झाला होता. सरांनी डाव मालनला परत दिला आणि रुमालाने बोटं पुसली. ते पोरगं ताट धरून तसंच उभं राहिलं. मालनने त्याला वाढलं.

पाहुण्यांत पांढऱ्या केसांची एक बाई होती. तिने कौतुकाने विचारलं, "रोज किती छान जेवण! तांदूळ कुठून येतो हो?"

"कम्युनिटी पार्टिसिपेशन, मॅडम," सर म्हणाले. "हीच आमच्या मॉडेलची ताकद."

"डोंगर देतो," मालन म्हणाली.

"म्हणजे?"

"मूठ मूठ मागून आणतो आम्ही. मे लागल्यापासून संस्थेने एक दाणा नाही दिला. माझा सासरा पेज सोडून इथे तांदूळ देतो. तुम्ही आलाच आहात तर सरांना विचारा ना, तांदूळ कधी देणार? आम्ही विचारून थकलो."

पांढऱ्या केसांची बाई सरांकडे बघायला लागली. सर हसले, पण ते हसू ओठांपुढे गेलं नाही. "ताई जरा भावनाप्रधान आहेत," म्हणाले आणि पाहुण्यांना वरचे वर्ग दाखवायला घेऊन गेले. सुगंधाने एप्रन काढला, त्याने टोपाची कड पुसली आणि तिथेच टाकून दिला.

शनिवारी शाळा सुटताना दर्शना मॅडमनी मालनला दाराशी गाठलं.

"सोमवारपासून बंद," त्या हळू म्हणाल्या. "जूनपर्यंत."

"काय म्हणून?"

"उष्णतेमुळे. मुलांच्या आरोग्याची काळजी म्हणून."

"ऊन आजच पडलं का, मॅडम?"

मॅडमनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं, ताई."

म्हणजे असं होतं तर! उपाशी होती तेव्हा पोरांची काळजी नव्हती. पत्र्याखाली रुमाल ओले करत होती तेव्हा नव्हती. बाई तोंड उघडून बोलली आणि लगेच उष्णता वाढली. मालनला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी तिने केटररला फोन केला. त्याने दोन शब्द ऐकवले आणि सोमवारी ये म्हणाला. "पोरगी आणली तर चालेल का?" तिने विचारून बघितलं. नाही चालणार. कुंडलिकला पोरगी सांभाळ म्हणावं, असंही तिच्या मनात एकदा आलं. पण गॅसची टाकी वाहणं वेगळं आणि पोटची पोर सोपवणं वेगळं. सुगंधाला तर मॅडमच्या ओळखीने पवईत कुणाच्या घरी काम मिळत होतं, म्हणून तीही सोमवारी त्यांना ऑफिसात भेटायला जाणार होती. निलेश टेम्पो घेऊन सुरतेला. दशरथने रजा मागितली तर त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळेल, हे त्याने न सांगताच ती जाणून होती.

सोमवारी सकाळी डबा भरून ती वळली. खिळ्यावरच्या कुलपाकडे तिने फक्त एकदा बघितलं. हात लावला नाही. पण प्रांजलने तिची नजर पाहिली. पोरगी उठली. माठातून बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. चटई उचलली आणि दाराशी अंथरली. उशी ठेवली ती भिंतीकडे नाही, फटीकडे. मग चटईवर बसून म्हणाली, "आई, तू जा. मला माहितीये आता."

मालनच्या डोक्यात सण्णकन काहीतरी झालं. तिने कुलूप खिळ्यावरून ओढलं, किल्ली ब्लाउजात टाकली, एका हातात कुलूप आणि दुसऱ्या हातात प्रांजलचं मनगट धरून पायऱ्या उतरायला लागली. केटररकडे पोरीला घेऊनच जायचं, पाया पडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. बाटली प्रांजलच्या हातात तशीच राहिली.

शाळेपाशी आल्यावर तिचे पाय थांबले. दारावर कागद चिकटवला होता, तीव्र उष्णतेमुळे शाळा बंद. आणि दार उघडं होतं. खाली पायऱ्यांच्या तोंडाशी दोन गाड्या उभ्या. ऑफिसच्या पायरीवर चपलांचे जोड. एसीचं पाणी अंगणात ठिबकत होतं. शेडवरचा बॅनर काढून ऑफिसच्या भिंतीवर लावला होता आणि त्याखाली दुसरा, नवा. बारमाही शाळा : फायदे आणि तोटे. चर्चासत्र.

काचेतून अनिरुद्ध सरांचा हात वरखाली होताना दिसत होता. समोर खुर्च्यांवर माणसं लिहून घेत होती. दर्शना मॅडम मागे पाण्याच्या बाटल्या वाटत होत्या.

"आई, शाळा चालू आहे?" प्रांजलने विचारलं.

"हो," मालन म्हणाली. "मोठ्यांची."

तिने दाराची दोन्ही कवाडं ओढली. बाहेरची कडी सरकवली. घरातलं कुलूप कडीत घातलं आणि दाबलं. ते बसल्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता.

मग ती समोर मंदिराच्या ओट्यावर प्रांजलला घेऊन बसली. पोळ्यांची वेळ टळून गेली. फोन वाजला, तो तिने वाजू दिला. उन्हाने ओटा तापला. मॅडमना भेटायला आलेली सुगंधा वर आली, दाराकडे बघितलं, कुलूप ओळखलं.

"अगं बाई, काय केलंस हे?"

"काळजी म्हणून लावलंय," मालन म्हणाली. "बाहेर ऊन किती आहे."

सुगंधाने कपाळावर हात मारला. मग तिच्या शेजारी बसली. हळूहळू आणखी बाया आल्या, पोरं आली, कुंडलिक आला. कोणी कुलपाला हात लावला नाही.

दुपारी गल्लीची वीज गेली, एसीचं ठिबकणं थांबलं आणि ती माणसं खाली जेवायला जायला म्हणून अंगणात आली. आधी दार हललं. मग जोरात हललं. मग थापा पडल्या.

"कोण आहे? दार कोणी लावलं? अहो!" सरांचा आवाज. "वॉचमन! अरे, पोलिसांना फोन करा!"

"करा की," मालन उठून दाराजवळ गेली. "त्यांनाही सांगा, मे महिन्यात इथे पोरांना असंच ठेवतात. मी माझी पोरगी ठेवत होते. आजही ठेवणार होते."

"मालनताई? हा काय प्रकार आहे? उघडा आधी. इथे अंगणात उभं राहवत नाहीये."

"बाटली आहे ना जवळ? मग बसा. चर्चा करा. फायदे झाले असतील, आता तोटे घ्या."

आत गलका झाला. कोणीतरी बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, मला गुदमरतंय. अंगणाला चारी बाजूंनी भिंत, वरून भर दुपारचं ऊन, लोखंडी दार तव्यासारखं तापलेलं. थापाही बंद झाल्या. हात भाजत असणार. दर्शना मॅडमचा रडवेला आवाज आला, "मालनताई, प्लीज."

मालनने ब्लाउजातून किल्ली काढली. मूठ आवळली. तिला अजून उघडायचं नव्हतं. वर्षभर उघडायचं नव्हतं.

प्रांजल तिच्या बाजूने पुढे सरकली. हातातली बाटली तिने आडवी करून दाराखालून आत ढकलली. मग फरशीवर पालथी पडली, दाराच्या फटीला गाल लावला आणि आत बघून समजावणीच्या आवाजात म्हणाली,

"मॅडम, रडू नका. असं झोपा. नाक इथे लावा. इथून वारा येतो."

मालनने वाकून पोरीला उठवलं. तिच्या गालावर तोच वळ उठला होता. मालनने तो आतल्या सगळ्यांना दिसेल असा तिचा चेहरा दाराकडे धरला आणि मग कुलपाला किल्ली लावली.